दिसते, पण ओळखू येत नाही

आमच्या घरी कोणी आले की त्याने उंबऱ्यातूनच मोठ्याने 'जयभीम' म्हणायचे आणि लगेच आपले नाव सांगायचे, असा रिवाज आम्ही पाडला आहे. घरच्या माणसांनाही त्यातून सूट नाही. संध्याकाळी कचेरीतून आलो की मीही म्हणतो, "जयभीम आई, मी थोरला आलो." मुलगी शाळेतून आली की म्हणते, "जयभीम आज्जी, मी." नवख्या पाहुण्यांना याचे हसू येते. एका सोयऱ्यांनी तर विचारले, "काय हो, म्हातारीला दिसत नाही का?"

आईला दिसते. तिच्या डोळ्यांना फारसे काही झालेले नाही. पण समोर दिसते ते काय आहे, कोण आहे, हे तिला नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. ही एवढी गोष्ट समजायला आम्हाला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आम्ही तिला जे बोललो, जे वागलो, ते आठवले की अजूनही घास घशाखाली उतरत नाही. आपल्या समाजातल्या दुसऱ्या कोणत्या घरात तसे होऊ नये, म्हणून संकोच बाजूला ठेवून हे लिहीत आहे.

आई मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्न होऊन मुंबईला आली. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. मग आईने भाजीची टोपली डोक्यावर घेतली. पहाटे दादरहून माल आणायचा आणि अँटॉप हिलच्या नाक्यावर गोणपाट अंथरून बसायचे, असे तिने जवळजवळ तीस वर्षे केले. त्या टोपलीवर आम्ही दोघे भाऊ शिकलो. तिला स्वतःला शाळा मिळाली नव्हती. पण वस्तीतल्या विहारात रात्रीचा वर्ग चालायचा, तिथे ती चाळिशीत अक्षरे शिकली. साप्ताहिक घरी आले की बोट ठेवून एकेक मथळा वाचायची आणि पुरा झाला की आमच्याकडे अशी बघायची की जणू गड जिंकला.

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रविवार होता. आई सकाळी उठली तीच डोके धरून. "गरगरतंया. वरल्या अंगाला अंधार आल्यागत वाटतंया," असे म्हणाली आणि तिला दोन उलट्या झाल्या. तिला दहा वर्षांपासून साखरेचा आणि रक्तदाबाचा त्रास. गोळ्या चालू होत्या, पण महिनाअखेरीला त्या एखादा आठवडा बंद राहायच्या, हे मला नंतर कळले. पैसे वाचवायला ती स्वतःच बंद ठेवायची. जवळच्या एका डॉक्टरांनी पित्त झाले म्हणून गोळ्या दिल्या. तोंड वाकडे झाले नव्हते, हातपाय चालत होते, बोलणे स्पष्ट होते. लकव्याचा संशय आम्हालाही आला नाही. दोन दिवस ती पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी उठली. पत्नीने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. आई कपाकडे बघत बसली. "आई, चहा घ्या," असे पत्नी म्हणाली तेव्हा तिने हात नेमका कपाच्या कानाला घातला आणि म्हणाली, "चहा व्हय! मला कळंनाच काय ठिवलंय त्ये." आम्ही हसलो. दुपारी पत्नी भाजी निवडत होती. परातीत वांगी होती. आईने विचारले, "ह्ये काय आनलंय गं?" तीस वर्षे भाजी विकलेली बाई हे विचारते, म्हणून पत्नीला वाटले की थट्टा करते आहे. तिने एक वांगे आईच्या हातात दिले. आईने ते एकदाच चाचपले आणि म्हणाली, "वांगं हाय की. पन बी धरलंय ह्येनं. कुनाकडनं घेतलंस?" चिरल्यावर पाहिले तर वांगे खरोखरच बियांनी भरलेले.

मग असे रोजच होऊ लागले. कंगवा दाखवला तर ओळखेना, केसांत घातला की लगेच ओळखे. घड्याळ ओळखेना, कानाशी धरले की "घड्याळ". मी कामावरून येऊन गप्प उभा राहिलो तर मला विचारी, "कोन पायजे?" मी बोललो की ओशाळून म्हणे, "तू व्हय, बाळा!" तिच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू आदल्या वर्षीच काढला होता. आम्हाला वाटले, त्यातच काही बिघडले. डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. न शिकलेल्या माणसांसाठी तीन दांड्यांच्या खुणेचा जो तक्ता असतो, त्यावरच्या दांड्या कोणत्या दिशेला आहेत हे तिने शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत हाताने बरोबर दाखवले. डोळे चांगले आहेत, असा निकाल मिळाला. तरी समाधान होईना म्हणून नवा चष्मा केला. तोही वाया गेला.

डोळे चांगले, मग ओळखत कशी नाही? भिंतीवर आपटत नाही, ठेच लागत नाही, सांगितलेली वस्तू बरोबर उचलते. इथून पुढे संशयाला सुरुवात झाली. कोणी म्हणाले, म्हातारपणी लक्ष वेधून घ्यायला माणसे असे करतात. कोणी म्हणाले, सुनेकडून कामे करून घेण्याची युक्ती आहे. शेजारणी मुद्दाम येऊन तिच्यापुढे लाटणे, झाकण, चमचा धरत आणि "सांगा बघू आजी, हे काय?" म्हणून विचारत. जणू जादूचे प्रयोग चालले होते. आई सुरुवातीला उत्तरे द्यायची. चुकली की सगळे हसायचे. मग तिने बोलणेच सोडले. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसू लागली.

गावाहून मावशी आली आणि म्हणाली, हे बाहेरचे आहे. दोन दिवसांनी आईच्या मनगटावर काळा दोरा दिसला. वाचकहो, मी विहारात बावीस प्रतिज्ञांवर बोलणारा माणूस. अंगारे-धुपारे, गंडेदोरे यांविरुद्ध तरुणांना सांगणारा कार्यकर्ता. पण तो दोरा पाहून मी काही बोललो नाही. मनात विचार आला, राहू दे, बांधल्याने काय बिघडते? घाबरलेल्या माणसाच्या विवेकाला केवढी भेग पडते, ते मी त्या दिवशी स्वतःत पाहिले.

६ डिसेंबर आला. दरवर्षी आई चैत्यभूमीला जायची. त्या वर्षी गर्दीत नेणे शक्य नव्हते, म्हणून घरीच बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचे ठरले. मी आईला तसबिरीसमोर उभे केले, तिच्या हातात फुले दिली. ती बराच वेळ बघत राहिली आणि हळूच विचारती झाली, "ह्यो चष्मेवाला सायेब कोन?"

माझा तोल सुटला. मी ओरडलो, "बाबासाहेबांनासुद्धा विसरलीस? आता तर हद्द झाली!" घरात सगळे स्तब्ध झाले. आईच्या हातातली फुले खाली पडली. ती रडत म्हणाली, "इसरली न्हाय रं बाळा. इचार काय इचारायचं त्ये. महाडचं तळं सांगू? नागपूरला माजा बा गेला व्हता, त्येचं सांगू? समदं ध्येनात हाय. मला दिसतंया बी. पन म्होरं काय हाय, त्येच कळंना."

'दिसतंया, पन कळंना.' गेले चार महिने ती हेच सांगत होती. आजाराचे याहून नेमके वर्णन नंतर कोणत्या डॉक्टरांकडूनही मी ऐकले नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. तिची आठवण शाबूत आहे, बुद्धी शाबूत आहे, डोळे शाबूत आहेत, मग मधेच काहीतरी तुटले असले पाहिजे, एवढे मला उमगले. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तिला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात मेंदूच्या विभागात घेऊन गेलो.

तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी आईला 'आजी, बसा' म्हटले आणि अर्धा तास तिच्याशी शांतपणे बोलत राहिल्या. कपाचे चित्र दाखवून तसेच काढायला सांगितले. आईने एकेक रेघ बघून बरेचसे तसेच चित्र काढले. पण आपण काय काढले, हे तिला सांगता येईना. बाईंनी किल्ल्यांचा जुडगा दाखवला. "चकाकतंया कायतरी," आई म्हणाली. जुडगा वाजवला. "किल्ल्या!" मग बाईंनी तिला नाव लिहायला सांगितले. रात्रीच्या वर्गात शिकलेले आपले नाव आईने वळणदार लिहिले. तोच कागद थोड्या वेळाने तिच्यापुढे धरला, तर तिला तो वाचता येईना. "कुनी लिवलंय ह्ये?" असे तिने विचारले तेव्हा मला तोंड फिरवावे लागले.

पुढे एमआरआय झाला. मेंदूच्या मागच्या आणि खालच्या भागात, दोन्ही बाजूंना, रक्ताचा पुरवठा बंद पडून पेशी मेल्या होत्या. ऑगस्टमधल्या त्या रविवारचे 'पित्त' म्हणजे मेंदूचा झटका होता. आजाराचे नाव व्हिज्युअल अ‍ॅग्नोसिया. हे नाव ऐकायला परके वाटते. पण ग्रीक भाषेतला 'ग्नोसिस' आणि आपला 'ज्ञान' हे एकाच मुळातले शब्द आहेत. पुढे 'अ' लावला की जसे आपले 'अज्ञान' होते, तसेच हे 'अग्नोसिया'.

डॉक्टरबाईंनी समजावले ते मला जसे कळले तसे सांगतो. आपण डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, पण डोळा फक्त उजेड गोळा करतो. ती खबर नसेवाटे डोक्याच्या पार मागच्या भागात पोहोचते. तिथे रेघा, कडा, रंग, हालचाल यांची छाननी होते. तिथून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट खालून कानांच्या बाजूला जाते. समोर काय आहे, कोण आहे, हे ती ठरवते. दुसरी वाट वरून जाते. वस्तू कुठे आहे, तिला हात कसा घालायचा, हे ती सांभाळते. आईची वरची वाट चालू होती, म्हणून ती कप बरोबर उचलायची आणि भिंतीवर आपटायची नाही. खालची वाट तुटली होती, म्हणून तो कप आहे हे तिला कळायचे नाही. ज्या गोष्टीवरून आम्ही तिला ढोंगी ठरवले, तीच तिच्या आजाराची खूण होती.

ही दोन वाटांची गोष्ट जगाला पटली ती एका बाईच्या दुर्दैवामुळे. स्कॉटलंडची ही तरुण बाई इटलीत राहत होती. १९८८ मध्ये अंघोळ करताना, पाणी तापवणाऱ्या गॅसच्या यंत्राचा वायू बाहेर जायला नीट वाट नसल्याने ती गुदमरली. जीव वाचला, पण वस्तूंचे आकार ओळखण्याची शक्ती गेली. गुडेल आणि मिल्नर या शास्त्रज्ञांनी तिची तपासणी करून १९९१ मध्ये निष्कर्ष छापले. पत्राच्या पेटीसारखी एक फट तिच्यापुढे ठेवली. फट उभी की आडवी की तिरकी, हे तिला सांगता येईना. पण हातात कार्ड देऊन 'टाक' म्हटले की ती ते फटीत अचूक टाकी. डोळ्यांचे काम दोन वाटांनी चालते, याचा तो मोठा पुरावा ठरला.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगतो. तो विषारी वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या मुंबईतल्या कितीतरी घरांत दोन हात लांब मोरीत गॅसचा गिझर बसवलेला असतो आणि थंडीत खिडकी बंद करून माणसे अंघोळ करतात. गिझर मोरीच्या बाहेर हवेशीर जागी बसवावा. ते जमत नसेल तर खिडकी कधीही बंद करू नये. अंघोळ करताना डोके जड झाले, मळमळले, तर लगेच बाहेर यावे.

आईसारखी माणसे डॉक्टरांना फार पूर्वीपासून माहीत आहेत. जर्मनीतल्या लिसाउर या डॉक्टरांनी १८९० मध्येच अशा रोग्यांचे दोन प्रकार सांगितले. काहींना वस्तूचा आकारच मनात जुळवता येत नाही, त्यामुळे ते चित्र बघून उतरवूही शकत नाहीत. काहींना आकार जुळतो, चित्र उतरवता येते, पण त्याचा अर्थ लागत नाही. आई बहुतेक या दुसऱ्या प्रकारातली. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, फ्रॉइड यांनी या दोषाला 'अ‍ॅग्नोसिया' हे नाव दिले. १८९२ मध्ये फ्रान्समधल्या देजेरिन यांनी एका गृहस्थांची हकिकत मांडली. त्यांना लिहिता येत होते, पण स्वतःचे अक्षर वाचता येत नव्हते. अगदी आईच्या नावासारखे! चेहरे ओळखू न येण्याच्या दोषाला १९४७ मध्ये बोडामर यांनी वेगळे नाव दिले. त्यांच्या रोग्यांत डोक्याला गोळी लागलेला एक तरुण होता, त्याला आरशातला स्वतःचा चेहराही ओळखू येत नसे. हे सर्व वाचल्यावर मला एकाच वेळी धीर आला आणि लाजही वाटली. सव्वाशे वर्षांपासून पुस्तकात असलेल्या आजाराला आम्ही ढोंग म्हटले, करणी म्हटले.

झटका हे याचे एकच कारण नाही. डोक्याला मार, मेंदूतली गाठ, मेंदूचा ताप यांनीही हे होऊ शकते. म्हातारपणीच्या विस्मरणाच्या आजाराचा एक प्रकार असा असतो की सुरुवातीला आठवण चांगली राहते आणि ओळखण्याची, वाचण्याची, अंतर जोखण्याची शक्ती हळूहळू जाते. अमेरिकेतल्या बेन्सन यांनी १९८८ मध्ये त्याचे वर्णन केले. असे लोक चष्म्यामागून चष्मे बदलत राहतात. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या काही मुलांतही असा दोष राहतो. डोळे स्वच्छ, पण गर्दीच्या चित्रात वस्तू सापडत नाही, वर्गात बाईंचा चेहरा ओळखू येत नाही. अशा पोराला 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवण्याआधी एकदा मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावे.

आणि झटक्याविषयी. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडी वळणे ही लक्षणे आता बऱ्याच जणांना माहीत आहेत. पण मेंदूच्या मागच्या भागात झटका आला तर कित्येकदा यातले काहीच दिसत नाही. अचानक गरगरणे, उलटी, तोल जाणे, जोराची डोकेदुखी, नजरेच्या एका बाजूला एकाएकी अंधार, एवढेच होते. साखर किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला असे झाले तर पित्त म्हणून घरी झोपवू नये. १०८ ला फोन करावा, नाहीतर टॅक्सीत घालून सायन, केईएम यांसारख्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात. आम्ही चार महिने घालवले. आणि महिनाअखेर असली तरी गोळ्या बंद ठेवू नयेत. घरातल्या बाया स्वतःच्या गोळ्यांतून पैसे वाचवतात आणि कोणाला सांगत नाहीत. मुलांनी डबी उघडून बघावी.

दाखल्याचे दुःख वेगळेच. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते २१ झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण अंधत्व आणि अल्पदृष्टी यांची मोजणी त्यात नजर किती लांब पोहोचते आणि किती रुंद पसरते यावर आहे. तक्त्यावरच्या दांड्या बरोबर सांगणारी माझी आई त्या मापात बसत नाही. जे डोळ्यांनी वाचू शकत नाही, पोराचे तोंड ओळखू शकत नाही, त्या माणसाचे अपंगत्व कशाने मोजायचे, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी मांडला पाहिजे.

डॉक्टरबाईंचे बोलणे ऐकताना मला विहारातले धम्मवर्ग आठवले. माणूस म्हणजे पाच स्कंध, असे आपण लहानपणापासून ऐकतो: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. पाठ करून मोकळे होतो. त्यातला 'संज्ञा' म्हणजे खूण पटवून ओळखणे. डोळा आहे, रूप समोर आहे, दिसल्याची जाणीवही आहे, पण संज्ञा नाही, तर काय होते ते मी माझ्या घरात पाहिले. सगळे शोध आपल्याच ग्रंथांत आधीपासून होते, असा दावा मी करणार नाही. ती खोड दुसऱ्यांची आहे. पण 'पाहणे' ही एक अखंड गोष्ट नाही, ती अनेक कारणांच्या जुळणीने घडते आणि एक कारण ढळले की फळ ढळते, ही नजर तथागतांनी आपल्याला दिली आहे. तिचा वापर मी वेळेवर केला असता तर आईला विचारले असते, "तुला नेमके काय होते ते सांग." मी विचारले नाही, ओरडलो.

डोळे धड असून माणसाला माणूस म्हणून न ओळखणारा समाज आपल्या वाडवडिलांनी सोसला. १९२७ मध्ये बाबासाहेबांना महाडला सत्याग्रह करावा लागला तो त्यासाठीच. ते सोसून आलेल्या घरातल्या म्हातारीला आम्ही तिच्याच घरात ओळखले नाही. तिचा मेंदू दुखावला होता. आम्हाला काय झाले होते?

आता थोडे घरातल्या व्यवस्थेविषयी, कोणाला उपयोग होईल म्हणून. या आजारावर गोळी नाही. पहिले काही महिने थोडा फरक पडतो. बाकी सवयीने चालवायचे असते. आम्ही आईच्या वस्तूंच्या जागा ठरवून टाकल्या आणि कोणी त्या हलवायच्या नाहीत असा नियम केला. एका वेळी तिच्यापुढे एकच वस्तू ठेवतो. सगळा पसारा मांडला की ती गोंधळते. साध्या, नक्षी नसलेल्या ताटात वाढतो. तिला रंगही मळके दिसतात, म्हणून रंगाच्या खुणा न करता हाताला लागतील अशा खुणा केल्या. साखरेच्या गोळ्यांच्या डबीला एक रबर, रक्तदाबाच्या डबीला दोन. सार्वजनिक नळाकडे जाताना आपले दार चुकू नये म्हणून कडीला सुतळीची गाठ. फोटो दाखवण्यापेक्षा खरी वस्तू हातात देतो. कोणीही तिची परीक्षा घ्यायची नाही, हे शेजारणींना हात जोडून सांगितले. आणि दारात जयभीम. आवाज कानावर पडला की ती माणूस ओळखते, गाव विचारते, लेकराबाळांची चौकशी करते. तुमच्याही घरी, नात्यात असे कोणी असेल तर समोर जाऊन "ओळखलंत का?" असे विचारू नका. जयभीम घाला, नाव सांगा, मग बसा.

दोऱ्याचे राहिले. एमआरआयचा कागद हातात आला त्या दिवशी मी कात्री घेऊन आईजवळ बसलो आणि म्हणालो, "आई, हा दोरा काढतो." ती म्हणाली, "दोरा? कसला दोरा? तुझी मावशी म्हनली दवाखान्यातला पट्टा हाय." आयुष्यभर ज्या बाईने गंडा बांधू दिला नाही, तिच्या न ओळखण्याचा फायदा घेऊन तो बांधला गेला होता, आणि मी डोळस माणूस तो रोज बघत होतो. मी तिची माफी मागितली. "माजं डोळं गेलं व्हतं, तुजं काय गेलं व्हतं?" एवढेच ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

२०२३ च्या १४ एप्रिलला तिला विहारात नेले. टेबलावर बाबासाहेबांचा छातीपर्यंतचा पुतळा ठेवला होता. वस्तीतली जुनी बाई म्हणून पहिला हार तिच्या हाती दिला. ती पुढे गेली. हार घालताना तिचा हात पुतळ्याच्या कपाळाला लागला, तिथून चष्म्यावर आला, गालावरून कोटाच्या कॉलरपर्यंत उतरला. मागे रांग खोळंबली होती. मी कोणाला काही बोलू दिले नाही. आई मागे वळली आणि आवाजाच्या अंदाजाने माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आता वळखलं बग. ह्ये आपलं बाबासायेब."

नंतर तिने पुन्हा एकदा दोन्ही हातांनी तो चष्मा चाचपला, जयभीम केला आणि जागेवर जाऊन बसली.